गोंदिया ते कोल्हापूर, सतरा मिनिटं जास्तीची

शरयू बोरकुटेला फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ती डबा उघडून बसली होती. अकरा ही काही जेवायची वेळ नव्हे. पण नवरा तीन आठवडे दवाखान्यात पडून असला की पोटाचं वेळापत्रक कोण सांभाळतं? भूक लागली की ती खाऊन घ्यायची.

ती 'मैना एअर'च्या नियोजन कक्षात होती. नाव भारदस्त, पण कक्ष म्हणजे नागपूर विमानतळामागची एक खोली, चार पडदे आणि पाळीला एक माणूस. जळगाव, लातूर, गोंदिया, कोल्हापूर अशा गावांमधून मैनाची एकोणीस आसनी विमानं उडायची, अर्धी बॅटरीवर, अर्धी इंधनावर. कुठलं विमान कधी सुटेल आणि किती वेळात पोचेल, ते शरयू ठरवायची. आठ वर्षं ठरवत आली होती.

"शरू, मिळालं बरं का," मोरेश्वर म्हणाला.

"काय मिळालं?"

"हृदय. दुसरं काय मिळायचं राहिलंय आपल्याला. गोंदियात आहे. डॉक्टरीणबाई आत्ता सांगून गेल्या, यादीत पहिला नंबर माझा. छाती भादरायला माणूस येऊन उभा आहे, त्याला म्हटलं थांब बापा, बायकोला सांगू दे."

शरयूच्या हातातला घास डब्यात पडला. तिच्या तोंडून हुंदका निघाला.

"काहून रडून राहिली? आता रडायचं काय?"

"रडत नाहीये," ती रडत म्हणाली. "येते मी. कोणाला तरी बसवते इथं आणि येते."

"आरामात ये. अजून दोन-तीन तास आहेत म्हणे. आणि डबा संपवून ये, मला माहीत आहे तू तसाच टाकशील."

मोरेश्वर सरकारी मोजणीदार. बावीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर उभे असले तरी याच्या मोजणीत बोटभर जमीन इकडची तिकडे व्हायची नाही. चहासुद्धा घ्यायचा तो दोघांकडचा, नाहीतर कोणाकडचाच नाही. दीड वर्षापूर्वी साधा म्हणून अंगावर काढलेला ताप त्याच्या हृदयात उतरला आणि हृदय सैल पडलं. आता त्याच्या छातीत एक पंप होता आणि पंपाची वायर पोटातून बाहेर काढलेली. डॉक्टरांनी शरयूला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, पंपात गुठळ्या व्हायला लागल्यात, फार तर महिना.

आणि आज हृदय मिळालं होतं. शरयूनं डोळे पुसले, डबा खरोखरच संपवला, हात धुतले. पदार्थ काय होता ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

ती खुर्चीवर परत बसते न बसते तोच तिसऱ्या पडद्यावर पिवळी चौकट उमटली. 'वाटप'कडून वेळेची विचारणा.

ही 'वाटप' यंत्रणा म्हणजे काय, ते सांगायला हवं. पूर्वी कुणाचे अवयव दान झाले की आधी त्या शहरात, मग त्या भागात, मग राज्यात अशी विचारणा व्हायची. म्हणजे लांबच्या गावच्या माणसाच्या वाट्याला उरलंसुरलं. चार वर्षांपूर्वी ही नवी यंत्रणा आली आणि तिनं हद्दी पुसून टाकल्या. ज्याची गरज सगळ्यात मोठी आणि रक्त-मांस सगळ्यात जास्त जुळतं, तो पहिला, मग तो कुठल्याही गावचा असो. अट एकच, वेळ. रक्त थांबलं की हृदयाच्या पेशी स्वतःजवळची साठवलेली शक्ती खायला लागतात. थंड पेटीत त्या हळू खातात, पण खातात. काढल्यापासून चार तासांच्या आत हृदय दुसऱ्याच्या छातीत सुरू झालं पाहिजे, नाहीतर ते सुरू झालं तरी टिकत नाही. म्हणून वाटप प्रत्येक रुग्णासाठी मिनिटांची बेरीज करायची. दवाखाना ते विमानतळ, विमानतळ ते विमानतळ, तिथून दवाखाना, आणि शस्त्रक्रियेचा वेळ. बेरीज चार तासांच्या वर गेली की नाव बाद.

विमानाचा वेळ ही यंत्रणा कुणाच्या शब्दावर घ्यायची नाही. गेल्या तीन वर्षांत त्या दोन विमानतळांमध्ये जेवढी उड्डाणं झाली, त्या सगळ्यांचे खरे वेळ बघून तिनं स्वतःचं गणित बसवलं होतं. तरी शेवटी एका माणसाची सही हवी, असा नियम होता. त्यामुळे विमान कंपनीच्या नियोजकाकडे ही पिवळी चौकट यायची. वेळ बरोबर आहे का? 'हो' दाबायचं. चूक असेल तर नवा वेळ आणि कारण लिहायचं. वीस मिनिटांत उत्तर आलं नाही तर जुनाच वेळ धरला जायचा.

शरयू नेहमीच 'हो' दाबायची. एका हातात चहाचा कप असला तर दुसऱ्या हातानं.

आज तिचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं, कारण चौकटीत गोंदिया लिहिलं होतं. मोरेश्वरचं हृदय गोंदियातलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ती चौकट खालपर्यंत वाचली.

गोंदिया ते कोल्हापूर. अंतर ८३० किलोमीटर. प्रवासाचा वेळ १ तास ५८ मिनिटं. त्याखाली बारीक अक्षरात बेरीज. रस्ता २२, विमान ११८, रस्ता १६, शस्त्रक्रिया ९२. एकूण ४ तास ८ मिनिटं. रुग्ण के-४१७, स्त्री, वय २६, कोल्हापूर. गरजेनुसार क्रम पहिला. वेळेनुसार बाद. पुढचा रुग्ण एन-२०९, पुरुष, वय ४९, नागपूर.

एन-२०९ हा मोरेश्वरचा नंबर. तो तिला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ होता.

म्हणजे मोरेश्वर पहिला नव्हता; सहीला 'हो' येणारच असं धरून दवाखान्यानं त्याला आधीच कळवलं होतं. पहिली कोल्हापूरची कुणी बाई होती, आणि ती आठ मिनिटांसाठी गेली होती. बिचारी, असं शरयूच्या मनात आलं. मग तिची नजर वर एक तास अठ्ठावन्नवर गेली आणि तिथेच अडकली.

गोंदियाहून कोल्हापूरला जायला एक तास अठ्ठावन्न मिनिटं लागत नाहीत. हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते एक तास अठ्ठावन्न तिनंच लिहिले होते.

नियोजक वेळापत्रक बनवताना थोडी माया ठेवतात. शिंपी शिवणीत जादा कापड सोडतो ना, तशी. विमान दहा मिनिटं उशिरा पोचलं तर प्रवासी तक्रार करतात, दहा मिनिटं लवकर पोचलं तर खूश होतात. मग खरा वेळ छापायचाच कशाला? जगभर सगळे ठेवतात ही माया, कोणी पाच मिनिटं, कोणी दहा. शरयूला हे तिचे वरिष्ठ कातुरे सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. गोंदिया-कोल्हापूर सुरू झालं तेव्हा तिनं हिशेब केला होता, एक तास एक्केचाळीस. मार्ग नवा, वारा अनोळखी, म्हणून तिनं सढळ हातानं सतरा मिनिटं वर टाकली. त्या मार्गावर मैनाचं एकही विमान कधी उशिरा पोचलं नाही. वक्तशीरपणाचं मानचिन्ह मिळालं होतं त्याचं, समोरच्या भिंतीवरच लटकत होतं.

पण यंत्रणा तर खरे वेळ बघते, तिनं स्वतःला सांगितलं. छापलेले नाही, खरे. तिनं घाईघाईनं गेल्या महिन्यातली उड्डाणं उघडली. एक सत्तावन्न. एक छप्पन्न. एक अठ्ठावन्न. एक सत्तावन्न. खरोखरच तेवढा वेळ लागत होता.

का लागत होता, ते कळायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. वेगानं उडवलं की बॅटरी लवकर झिजते. वैमानिकाला दिसतं, हातात सतरा मिनिटं मोकळी आहेत, मग तो कशाला दामटवेल? सगळे निवांत उडवत होते. तिनं एक खोटा आकडा लिहिला होता आणि तीन वर्षं विमानं रोज उडून तो खरा करत होती. यंत्रणेनं ते पाहिलं आणि प्रामाणिकपणे शिकून घेतलं.

शरयूनं घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं गेली होती.

तिनं जे करायला नको होतं ते केलं. जुन्या विचारणा उघडल्या. गोंदिया-कोल्हापूर, तीन वर्षांत नऊ. नऊच्या नऊ ठिकाणी 'हो', आणि पुढे तिचं नाव. नऊच्या नऊ वेळा कोल्हापूर बाद. दोनदा पाच मिनिटांनी, एकदा फक्त एका मिनिटानं. के-२८८, पुरुष, वय ३८, दोनदा आला होता. त्यानंतर तो कुठेच नव्हता. आणि के-४१७ चारदा. पहिल्या वेळी वय २४ होतं. मग २५. मग पुन्हा २५. मग २६.

तिनं दोन्ही हात टेबलावर घट्ट दाबून धरले आणि तशीच बसून राहिली. चारदा. चारदा त्या पोरीच्या घरी कुणीतरी वाट बघत असेल, आणि इथं आपण चहा पीत 'हो' दाबलं. के-२८८चं काय झालं असेल ते तिला विचारायचं नव्हतं. ते तिला कळलंच होतं.

तिनं कातुरे सरांना फोन लावला. ते कंपनीच्या मुंबईच्या कार्यालयात असायचे. तिनं धडाधड सगळं सांगितलं. माया, वैमानिक, नऊ वेळा, मोरेश्वर.

"बाप रे," ते म्हणाले.

"सर, बारा मिनिटं उरलीत."

"हे बघ शरयू. आधी एक ऐक. तुझा नवरा यादीत आहे. नियमाप्रमाणे ही विचारणा तू बघायचीच नव्हतीस. बरोबर? खुर्ची सोड. बाहेर जाऊन बस. मी दुसऱ्याला लॉगिन करायला सांगतो, त्याला यायला अर्धा तास लागेल."

"अर्ध्या तासात मुदत संपते."

"संपू दे की. नियमानं संपेल. तुला कोणी बोट लावणार नाही. पुढच्या वेळापत्रकात वेळ दुरुस्त करू, मी स्वतः करतो." त्यांचा आवाज खाली आला. "अगं, मोरेश्वरला महिना सांगितलाय ना? मी तुमच्या घरी जेवलोय. मी तुला काय सांगू?"

ते वाईट माणूस नव्हते. हेच अवघड होतं. ते म्हणत होते तो नियम खरा होता, कागदावर होता. तिनं काहीच करायचं नव्हतं. उठायचं, व्हरांड्यात जायचं, बारा मिनिटं झाडाखाली उभं राहायचं. मग रिक्षा करून दवाखान्यात. मोरेश्वर बरा होऊन घरी आला असता आणि त्याला हे कधीच कळलं नसतं.

शरयू उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिला वाटलं, आपण नवऱ्याला वाचवतोय, यात कुणाच्या बापाचं काय जातं. आणि लगेच वाटलं, एका बापाचं जातंय, कोल्हापुरात.

के-४१७ हा फक्त नंबर असता तर तिनं दार उघडलं असतं, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. पण चोवीस, पंचवीस, पंचवीस, सव्वीस हे तिनं वाचलं होतं. वाचलेलं परत न वाचलेलं कसं करणार? आणि मोरेश्वर. बोटभर जमीन न ढळू देणारा तिचा मोरेश्वर. तो इथं असता तर त्यानं काय केलं असतं याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्याच खात्रीवर ती परत फिरली.

तीन मिनिटं उरली होती. तिनं 'नाही' दाबलं. नवा वेळ, १ तास ४१ मिनिटं. कारण. कारणाच्या रकान्यात तिनं आधी 'सुधारित अंदाज' लिहिलं. ते पुसलं. मग लिहिलं, 'आधीचा वेळ मी सतरा मिनिटं वाढवून लिहिला होता. विमान या वेळात पोचू शकतं.' खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

चौकट हिरवी झाली. बेरीज बदलली. ३ तास ५१ मिनिटं. के-४१७ वर सरकला आणि एन-२०९ त्याच्या खाली गेला. एवढंच झालं. काही वाजलंबिजलं नाही.

आता दवाखान्यात कुणीतरी मोरेश्वरकडे जाऊन सांगणार होतं. ते आपण सांगायला हवं, हे तिला कळत होतं, पण उठता येत नव्हतं. गोंदियाचं विमान पावणेएकला सुटणार होतं आणि तिनं लिहिलेला वेळ आता तिलाच खरा करून दाखवायचा होता. तीन वर्षांत त्या मार्गावर कुणीच एक एक्केचाळीसमध्ये गेलं नव्हतं. नाही जमलं तर ते हृदय कुणाचंच होणार नव्हतं. पेटी पहिल्या आसनावर पट्ट्यानं बांधली गेली तेव्हा तिनं कॅप्टन मुजावरना रेडिओवर घेतलं.

"कॅप्टन, आज माया नाही. पूर्ण वेगानं. एक एक्केचाळीस."

"बॅटरीची वाट लागेल, मॅडम."

"लागू दे. चौदा हजार फुटांवर राहा, तिथे वारा पाठीशी आहे. लिहून देते मी."

"पेशंट ओळखीचा आहे का?"

"नाही," शरयू म्हणाली.

पुढचा दीड तास ती पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसली. यवतमाळच्या वरून, नांदेडच्या वरून, सोलापूरच्या उत्तरेनं. ठिपका पुढे जात होता तसा तिचा नवरा तिच्यापासून लांब जातोय असं तिला वाटत होतं, आणि तरी ती दर पाच मिनिटांनी मुजावरना वाऱ्याचा आकडा सांगत होती, थोडं वर घ्या, आता खाली आणा. एक तास चाळीस मिनिटांनी चाकं टेकली. तिनं वेळ लिहून ठेवला. मग कातुरे सरांचा निरोप वाचला. चौकशी होईपर्यंत तिला कामावरून दूर केलं होतं. तिनं पर्स उचलली आणि निघाली.

मोरेश्वर पलंगावर उशीला टेकून बसला होता. छातीवरचे केस भादरलेले, आणि मध्ये जांभळ्या शाईनं आखलेली एक सरळ रेघ. ती पुसायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पंपाची घरघर चालू होती.

"गेलं म्हणे कोल्हापूरला," तो म्हणाला. "ऐनवेळी विमान कंपनीनं वेळ बदलून दिला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हटलं, आमची बायको त्याच कंपनीत आहे, विचारतो तिला."

शरयू स्टुलावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मानचिन्हापासून सांगितलं, के-२८८चं सांगितलं, दाराच्या मुठीचंही सांगितलं. तो ऐकत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. त्याचा चेहरा असा झाला होता की तिनं तो कधी पाहिला नव्हता. संसाराच्या बावीस वर्षांत नाही.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"कसं विचारणार? आणि विचारून काय होणार होतं? तू हेच सांगितलं असतंस. मला माहीत होतं म्हणून तर..."

"मी तसं नसतं सांगितलं."

शरयूला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मी म्हणालो असतो, गप बस आणि 'हो' दाब," मोरेश्वर म्हणाला. "लोकांची जमीन मोजणं वेगळं, शरू. मला जगायचं होतं. इथं तीन आठवडे पडून मी दुसरं काही केलेलं नाही, फक्त जगायचंय असं म्हटलंय. तू माझ्या नावानं ठरवलंस आणि मी तसा नाहीच."

सकाळपासून धक्क्यांवर धक्के बसले होते, पण ज्याच्या भरवशावर ती दारातून परत फिरली होती तो माणूस तिथं नव्हताच, हे तिला पेलेना. ती रडू लागली. या वेळी तो 'काहून रडतेस' म्हणाला नाही. त्यानं तिला रडू दिलं, हात मात्र पुढे केला नाही.

बऱ्याच वेळानं नर्स येऊन पंपाचे आकडे लिहून गेली. मोरेश्वरनं ओल्या कापसानं छातीवरची रेघ पुसायला सुरुवात केली. ती जाईना. शरयूनं त्याच्या हातातून कापूस घेतला आणि ती पुसायला लागली. त्यानं घेऊ दिला.

"किती वेळात पोचलं?" त्यानं विचारलं.

"एक चाळीस."

"आणि ती पोरगी?"

"आत घेतलंय. अजून कळलं नाही."

तो छताकडे बघत राहिला. "आता माझ्या वर कोण आहे?"

"कोणी नाही. पुढचं जुळणारं आलं की पहिला तूच."

"कुठून येईल?"

"कुठूनही. जळगाव, लातूर, कुठूनही."

"आणि तू त्या खुर्चीत नसशील."

"नाही."

"कोण बसेल?"

"संध्याकाळपासून भाग्यश्री आहे. नवीन आहे. तिला मीच शिकवलंय सगळं." हे बोलताना शरयूचा हात थांबला.

मोरेश्वरनंही मान वळवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"तिला फोन लाव," तो म्हणाला. "आत्ता लाव. म्हणावं, सगळ्या मार्गांचे वेळ बाहेर काढ आणि माया न ठेवता खरे लिही."